गळा थकतो तेव्हा

भाऊबीजेचे जेवण झाल्यावर माणसाने काय करावे, याविषयी शास्त्रांत काही सांगितलेले नसले तरी आमच्या घराण्यात नियम ठरलेला आहे. वडील मंडळींनी सुपारी कातरून लवंडावे, मधल्या पिढीने राजकारणावर भांडावे आणि पोरांनी कोठेतरी नाहीसे व्हावे. गेल्या वर्षी साताऱ्याला अक्काच्या घरी हा नियम मोडला. अक्काचा नातू पुण्याला शिकतो आणि अभ्यासातून वेळ उरला की गिटार वाजवतो. अक्काच्या मते गिटारीतून वेळ उरला की अभ्यास करतो. त्याचे चार मित्र फराळाला आले होते. त्यांनी माजघरातला टीव्ही ताब्यात घेतला आणि हा पठ्ठ्या मला म्हणाला, "मामाआजोबा, तुम्ही रात्र रात्र गाणी ऐकता ना? आज आमचे एक ऐका. अट एकच. मध्ये बोलायचे नाही."

मी सांगलीचा. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या रात्री चिंचेखाली बसून गाणे ऐकण्यात माझी अर्धी हयात गेली. तेथेही मध्ये बोलणाऱ्याकडे लोक वळून पाहतात. तेव्हा ही अट मला परकी नव्हती. मी लोडाला टेकून बसलो.

पडद्यावर दिसले ते असे. लाकडी गिटार घेतलेला एक लांब केसांचा माणूस वाजवू लागतो. एकेक साथीदार येऊन बसतो. सर्वांत शेवटी गायक येतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. गायकाने केस आखूड कापून गुलाबी रंगविले आहेत, डोळ्यांवर काळा चष्मा आहे, अंगावर मांस नाही. वय फार तर तिशीचे असावे, पण बसण्याची तऱ्हा सत्तरीची. मला हसू आले. खोटे कशाला सांगू? तोंड उघडणार एवढ्यात मला पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली आणि मी तोंड मिटले. त्या दुपारची हकीकत पुढे सांगतो. तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

आधी त्या मैफलीविषयी. मंडळी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरची. त्यांच्या संचाचे नाव 'अ‍ॅलिस इन चेन्स'. १९८० नंतरच्या दशकात त्या शहरात 'ग्रंज' नावाचा संगीतप्रकार वाढला. विजेच्या गिटारीचा आवाज मुद्दाम खरखरीत करून वाजवायचा, पोशाखाचा डामडौल टाकून द्यायचा आणि गाण्यात मनातला अंधार आडपडदा न ठेवता मांडायचा, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. 'एमटीव्ही' या दूरचित्रवाहिनीने १९८९ पासून 'अनप्लग्ड' नावाचा कार्यक्रम चालविला होता. नेहमी विजेच्या गोंगाटात गाणाऱ्यांना त्यात लाकडी गिटारीवर गावे लागे. पोरांनी मला दाखविलेला कार्यक्रम न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन येथे १० एप्रिल १९९६ रोजी झाला. गायकाचे नाव लेन स्टेली. त्या दिवशी त्याचे वय अठ्ठावीस होते. सुमारे अडीच वर्षे संच लोकांसमोर आला नव्हता. कारण उघड होते आणि सभागृहात बसलेल्या बहुतेकांना ते ठाऊकही असावे: गायकाला हेरॉइनचे व्यसन जडले होते. पुढे एप्रिल २००२ मध्ये तो त्याच व्यसनाने गेला. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

मैफल संपली आणि अट सुटली. मग पोरे जी बोलू लागली, ती चिवड्याची परात रिकामी झाली तरी थांबेनात. मला त्या गाण्याइतकीच गंमत या वादात वाटली, कारण त्यातले प्रत्येक मत मी यापूर्वी सांगली-मिरजेत ऐकलेले होते.

एकाचे म्हणणे असे की, या संचाची ही सर्वोत्तम मैफल. आवाज थकलेला आहे म्हणूनच ती खरी आहे. ध्वनिमुद्रिकेतल्या तयार आवाजात हा जिव्हाळा नाही. दुसरा म्हणाला, मला हे बघवत नाही. माणूस आपल्यासमोर विझतो आहे आणि लोक टाळ्या कसल्या वाजवतात? तिसरा हिशेबी होता. त्याने सांगितले की गायक एका गाण्यात शब्द चुकला, गाणे थांबवून पहिल्यापासून घ्यावे लागले. वरच्या जागा पूर्वीसारख्या लागत नाहीत. भक्तांनी डोळे मिटले म्हणून सूर लागत नसतो. चौथा मुलगा सर्वांत शांत होता. तो म्हणाला, "त्याने एवढे भोगले नसते तर असे गाताच आले नसते."

हे चौथे मत ऐकून अक्काच्या नातवाने मान डोलावली. ती मान डोलावणे मला बोचले. त्याविषयी शेवटी बोलेन.

आता ती दुपार. १९७०च्या आसपासची. सांगलीच्या आमच्या घरी वडिलांनी कोणाकडून तरी फितीचे यंत्र दोन दिवसांसाठी आणले होते. त्याबरोबर एक फीत होती. बालगंधर्वांच्या अगदी उतारवयातल्या एका घरगुती बैठकीची. वडील पिढीने गंधर्ववेडे. आमच्या भागाला बालगंधर्वांचा अभिमान असण्यास कारणही आहे. त्यांचा जन्म १८८८ चा, पलूस भागातल्या नागठाण्याचा. किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त शकुंतला होऊन ते प्रथम उभे राहिले ते १९०५ मध्ये मिरजेस. आणि सांगलीच्या विष्णुदास भावे गौरवपदकाचे पहिले मानकरीही तेच. वडिलांनी त्यांना भरात असताना ऐकलेले होते.

फीत सुरू झाली. आवाज कापत होता. दम पुरत नव्हता. एक ओळ मध्येच तुटली आणि सारंगीने ती सावरून घेतली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि कॉलेजातल्या मुलाला जेवढी अक्कल असते तेवढीच मला होती. मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "हेच का तुमचे गंधर्व?" वडील काही बोलले नाहीत. त्यांनी उठून यंत्र बंद केले, फीत डबीत ठेवली. त्यानंतर ते आणखी वीस वर्षे जगले, पण माझ्यासमोर त्यांनी ती फीत पुन्हा कधी लावली नाही.

बालगंधर्वांच्या उत्तरकाळाविषयी आमच्याकडच्या जुन्या मंडळींत जे वाद झाले, ते त्या साताऱ्याच्या माजघरातल्या वादाहून निराळे नव्हते. वयाची साठी उलटल्यावरही ते लुगडे नेसून रंगभूमीवर उभे राहत. पुढे पाय निकामी झाले तेव्हा बसून भजने गात. एक पक्ष म्हणे, या थकल्या गळ्यात जो भाव आहे तो 'मानापमाना'च्या ऐन दिवसांतही नव्हता. दुसरा म्हणे, आम्हांला हे बघवत नाही; आमच्या आठवणीतली भामिनी आमच्याजवळ राहू द्या. तिसरा पक्ष हिशेबी, तो कोठले पद कोठल्या पट्टीत उतरले ते सांगे. तात्पर्य, देश बदलला, वाद्ये बदलली, पण चाहत्यांची जात तीच राहिली. १९६७ च्या जुलैत गंधर्व गेले आणि पहिल्या पक्षाची संख्या एकाएकी वाढली.

याला कारण आहे. मैफलीचे मुद्रण आपण नेहमी उलट्या बाजूने ऐकतो. गाणाऱ्याला पुढचे ठाऊक नसते, आपल्याला असते. मिरजेचे उदाहरण घ्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी लागली की आमच्याकडचा जाणता श्रोता हटकून सांगणार, की खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडल्या एका लहान स्टेशनाच्या फलाटावर, प्रवासात प्रकृती बिघडल्यामुळे उतरून, गात गात गेले. हकीकत खरीच आहे आणि ती ऐकताना घसा दाटतो. पण ठुमरी गाताना खाँसाहेबांसमोर तो फलाट नव्हता. समोर होती मुद्रणाची तीन-सव्वातीन मिनिटांची मर्यादा. त्या मर्यादेत विरहाची एवढी जागा कशी करावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो त्यांनी कसा सोडविला याला आपण दाद द्यावयाची, तर आपण फलाटाला देऊन मोकळे होतो.

ग्रंजच्या चाहत्यांचेही हेच होते. 'निर्वाणा' या दुसऱ्या सिअ‍ॅटलकर संचाने असाच कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये १८ नोव्हेंबर १९९३ रोजी केला. पुढल्याच एप्रिलात गायक कर्ट कोबेन याने आत्महत्या केली आणि ध्वनिमुद्रिका बाजारात आली ती १९९४ च्या नोव्हेंबरात. म्हणजे लोकांच्या हाती गाणे पडले तेच मुळी मृत्युलेख होऊन. मंचावरच्या मेणबत्त्या आणि लिलीची फुले आता सर्वांना अंत्यविधीची वाटतात. स्टेलीच्या मैफलीला चाहते सरसकट 'निरोपाची मैफल' म्हणतात. आमच्या मुलांनीही तेच सांगितले. वस्तुतः ती निरोपाची नव्हती. तिचे मुद्रण १९९६ च्या जुलैअखेर प्रसिद्ध झाले तेव्हा गायक हयात होता, आणि त्याच जुलैच्या ३ तारखेस त्याने कॅन्सस सिटीत मोठ्या जलशात गाणे केले होते. पुढे तो जवळजवळ सहा वर्षे जगला. निरोप आपण मागाहून चिकटविला आहे.

मग मागाहून कळलेले सारे बाजूला ठेवले तर त्या मुद्रणात काय उरते? दुसऱ्या दिवशी सकाळी, घर जागे होण्यापूर्वी, मी नातवाकडून ती मैफल पुन्हा लावून घेतली आणि डोळे मिटून ऐकली. इंग्रजी शब्द मला निम्मेच कळले, पण सुराला दुभाषा लागत नाही.

पहिली गोष्ट अशी की, तिसऱ्या, हिशेबी मुलाचे म्हणणे बरोबर आहे. वरच्या जागांवर आवाज पूर्वीच्या जोराने जात नाही. १९९२ ची त्यांची 'डर्ट' नावाची ध्वनिमुद्रिका नातवाने ताडून पाहण्यासाठी ऐकविली. तीत हाच गळा तलवारीसारखा चालतो. ब्रुकलिनमध्ये ती धार नाही. हे कबूल केल्यावाचून पुढे जाणे म्हणजे चाहतेपणा, रसिकता नव्हे.

दुसरी गोष्ट, आणि ही मला अधिक महत्त्वाची वाटते. गायकाला आपली उणीव ठाऊक आहे आणि त्याने गाणे तिच्या बेताने मांडले आहे. 'नटशेल' नावाच्या पहिल्याच गाण्यात तो आवाज फेकत नाही, ठेवतो. शब्द संपल्यावर स्वर एकदम सोडून न देता हळूच खाली आणतो. सूर मात्र ढळत नाही. ताकद गेल्यावर सूर टिकणे हा काही अपघात नाही. तो जुन्या मेहनतीचा हिशेब असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे साथ. या संचाची खरी ओळख दोन गळ्यांच्या जोडगाण्यात आहे. आपल्याकडे दोघे गातात ते बहुधा एकाच सुरावर, किंवा एकामागून एक. यांच्याकडे गिटारवादक जेरी कँट्रेल आणि स्टेली एकाच वेळी दोन वेगळ्या सुरांवरून, रुळांच्या जोडीसारखे चालतात. त्या दिवशी कँट्रेलची स्वतःची प्रकृतीही पोटाच्या विकाराने बिघडलेली होती, असे सांगतात. तरीही तो क्षणभर हलत नाही. जेथे स्टेलीचा स्वर बारीक होतो तेथे कँट्रेल आपला आवाज वाढवीत नाही; बरोबरीला कमी करतो. मोठा साथीदार असेच करतो. पडणाऱ्याला उचलून दाखवीत नाही, तो पडलाच नाही असे भासवितो. मला तत्क्षणी त्या फितीतली सारंगी आठवली.

शब्द चुकून गाणे पुन्हा घ्यावे लागले, त्याबद्दल हिशेबी मुलगा नाराज होता. मला वाटते, तेथे तो थोडा कंजूष झाला. नाटकात नट वाक्य विसरला तर प्रेक्षक त्याला सांभाळतो की नाही? चूक झाल्यावर संच गडबडला नाही, गायकाने सबबी सांगितल्या नाहीत आणि पुन्हा घेतलेले गाणे पुरे केले. एवढे हिशेबात जमा धरावे.

आणि ज्याला बघवत नव्हते त्या दुसऱ्या मुलाविषयी? त्याचे मत टीका म्हणून अपुरे आहे, पण माणूस म्हणून मला तोच सर्वांत जवळचा वाटला. गाणे चालू असताना गाणाऱ्याची काळजी वाटणे ही काही रसिकतेची उणीव नव्हे. त्याने फक्त दोन देणी वेगळी ठेवावीत: कणव माणसाला द्यावी आणि दाद सुराला द्यावी. या दोहोंची सरमिसळ झाली की दोघांवरही अन्याय होतो. केवळ कणवेने दिलेली दाद ही कलावंताला भीक होते. आणि दादेच्या भरात कणव विसरलो, तर एका माणसाचा नाश आपण तिकीट काढून पाहिला, असे होते.

आता त्या चौथ्या मताकडे येतो. 'एवढे भोगले नसते तर असे गाताच आले नसते.' वाचकहो, हे मत फार जुने आहे, दिसायला सुंदर आहे आणि वीस वर्षांच्या मुलांच्या घरात ठेवण्यासारखे नाही. त्यातून दुसरे वाक्य आपोआप निघते: असे गावयाचे असेल तर असे भोगले पाहिजे. मी त्या मुलाला लगेच उत्तर दिले नाही. उपदेश केला असता तर चिवड्याबरोबर तोही त्यांनी गिळला असता. मी त्याला मिरजेची एक गोष्ट सांगितली.

मिरजेला तंबोरे होतात, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. तंबोऱ्याच्या स्वरात एक गुंजारव असतो, किंचित खरखर असते. तिला आपण जवारी म्हणतो. तुझ्या ग्रंजवाल्यांनी गिटारीत आणलेल्या खरखरीची ती फार दूरची आणि फार नाजूक बहीण आहे, असे समज. ती खरखर तंबोरा फुटल्यामुळे येत नाही. कारागीर घोडीवर कानस घेऊन बसतो, केसाएवढे घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा उतरवून घासतो. भोपळ्याला तडा गेला तरी चांगल्या कारागिराची जवारी काही काळ बोलत राहते. ऐकणारा म्हणतो, वा, तडा गेल्यामुळे काय आवाज आला! कारागीर हसतो.

मुलगा विचारात पडला. मग मी त्याला कुमार गंधर्वांचे सांगितले. ऐन विशीत क्षयाने त्यांना अंथरुणावर टाकले, पाचएक वर्षे गाणे बंद होते, एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. पुढे त्यांनी लहान श्वासाचे, तुटक पण विजेसारखे जे गाणे सिद्ध केले, ते रोगाने दिलेले नव्हते. रोगाने फक्त घेतले. दिले ते बरे होण्याने, बिछान्यावर पडून माळव्याची लोकगीते ऐकत केलेल्या विचाराने आणि उठल्यावर केलेल्या मेहनतीने. याच कुमारांनी पुढे 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. एका चाहत्याने आपले मत गाऊन सांगण्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. त्यात त्यांनी थकल्या गंधर्वांची नक्कल केली नाही. गंधर्वांच्या गाण्यात जे थकणारे नव्हते, ते उचलून पुढे ठेवले.

माझे म्हणणे एवढेच आहे. मोडलेल्या गळ्यात आपल्याला जे हलवून जाते ते मोडणे नव्हे. मोडूनही जे मोडले नाही ते होय. स्टेलीच्या गाण्यात ते सुराचे धरून राहणे आहे, गंधर्वांच्या फितीत ते शब्द आणि लय यांचे होते. व्यसनाने वा म्हातारपणाने ते आणले नाही. ते त्यांना तेवढे नेता आले नाही. पोरांनी पूजा करावयाचीच तर उरलेल्याची करावी, गेलेल्याची नको.

साताऱ्याहून निघताना नातवाने वाकून नमस्कार केला आणि विचारले, "मामाआजोबा, ती तुमची फीत अजून आहे का?" फीत होती. वडिलांमागे ती मी जपून ठेवली होती. ऐकण्याचा धीर मात्र केला नव्हता. मुलाने ती एका जाणकाराकडून नव्या पद्धतीने उतरवून घेतली. नाताळच्या सुट्टीत नातू सांगलीला आला, तेव्हा आम्ही दोघे वडिलांच्या जुन्या खोलीत बसलो. त्याने अट घातली नाही आणि मी बोललो नाही.

आवाज कापत होता. दम पुरत नव्हता. ती ओळ मध्येच तुटली, तशीच, पन्नास वर्षांपूर्वी तुटली होती तेथेच. मी खाली पाहत होतो. नातवाने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "ती सारंगी ऐकलीत? ती त्यांच्यासाठी थांबली."

वडिलांनी मला त्या दुपारी हेच ऐकवावयाचे ठरविले होते की काय, कोण जाणे. मी फीत पहिल्यापासून पुन्हा लावावयास सांगितली.